छायाचित्रकार होऊ पाहणाऱ्याने कशाचे अध्ययन करावे?

छायाचित्रण हाच आपला पेशा व्हावा असे ज्या विद्यार्थ्याने बारावीच्या वर्गातच मनाशी ठरवून टाकले आहे, त्याने महाविद्यालयात प्रवेश घेताना कोणता विषय पत्करावा, हा प्रश्न आमच्या नाशिक रोडच्या मध्यमवर्गीय घरांतून अलीकडे वरचेवर ऐकू येऊ लागला आहे. आणि जेल रोडच्या किंवा नेहरूनगरच्या ज्या कुटुंबांत प्रेसच्या, रेल्वेच्या किंवा एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कायम नोकरीवर दोन-दोन पिढ्यांचे संसार उभे राहिले, त्या कुटुंबांना तो ऐकताच जी धास्ती वाटते ती समजण्याजोगी आहे. वडील म्हणतात, "आधी डिग्री घे, मग काय ते कर." मुलगा किंवा मुलगी म्हणते, "बाबा, त्या तीन वर्षांच्या खर्चात कॅमेरा आणि दोन लेन्स येतील." घरोघरी हा वाद जितका हिरिरीने चालतो तितके उभय पक्षांचे मतभेद वस्तुतः खोल नसतात, कारण एका मुद्द्यावर दोघांचेही नकळत एकमत झालेले असते: पदवी कोणत्या विषयाची, याला महत्त्व नाही. वडिलांच्या लेखी ती अडीअडचणीला उपयोगी पडणारा एक सरकारी दाखला असते आणि मुलाच्या लेखी वाटेतला एक जकात-नाका. माझा आक्षेप आहे तो या एकमतावर. ज्याला आयुष्यभर पाहण्याचाच उद्योग करावयाचा आहे, त्याने काय पाहावयाचे आहे हे ठरवण्याची जी एकमेव निवांत संधी आयुष्यात मिळते ती या तीन-चार वर्षांतच मिळते, आणि म्हणून त्याने मुख्य विषय म्हणून कॅमेरा न निवडता कॅमेऱ्यापुढे जे यावे असे त्याला वाटते त्याचे शास्त्र निवडावे, असे माझे मत आहे.

या मताला आधार शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे प्रयोजन नाही. त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांचे नाव आपण चित्रपटाचे जनक म्हणून घेतो, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक उभारतो, आणि एवढे केल्यावर त्यांच्या शिक्षणाची हकीकत वाचण्याचे श्रम मात्र घेत नाही. ती हकीकत मोठी उद्बोधक आहे. १८८५ साली ते मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात दाखल झाले. पुढे बडोद्यास जाऊन १८९० मध्ये तेथील कलाभवनात त्यांनी तैलरंग व जलरंग या दोहोंचा अभ्यास केला, वास्तुशिल्पाचा आणि मूर्तिकामाचा केला, आणि याच सुमारास छायाचित्रणाचा नाद लागल्यावर कलाभवनाचे प्रमुख प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर, जे स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते, त्यांनी या होतकरू तरुणाला संस्थेची चित्रशाळा व प्रयोगशाळा मोकळी करून दिली. गज्जरांनीच त्यांना रतलामला धाडले, आणि तेथे त्यांनी तीन रंगांचे ठसे करण्याची व छायाचित्र दगडावर उतरवून छापण्याची विद्या हस्तगत केली. नुसता कॅमेरा घेऊन पोट भरण्याचा प्रयोगही फाळक्यांनी करून पाहिला होता. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचे दुकान थाटले. परंतु प्लेगच्या साथीत पत्नी व अपत्य गेले, दुकान मोडले, आणि बडोद्यास परतून पुन्हा धंदा मांडला तर कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो अशा लोकसमजुतीमुळे गिऱ्हाईक फिरकेना. त्या कठीण काळी त्यांना नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवण्याची जी कामे मिळाली ती कॅमेऱ्याच्या बळावर मिळाली नव्हती, चित्रकलेच्या बळावर मिळाली होती. १९०३ साली पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून जी नोकरी लागली तिच्यातही आरेखकाचा हात छायाचित्रकाराच्या डोळ्याइतकाच मोलाचा ठरला असला पाहिजे. आणि ती नोकरी सोडून लोणावळ्यास त्यांनी जो छापखाना काढला तो तर सर्वस्वी रतलामच्या विद्येचे फळ होता.

पुढे १९१२ साली विलायतेहून चलच्चित्राचा कॅमेरा घेऊन ते परतले तेव्हा भांडवल पुरवणाऱ्यांची खात्री पटवण्यासाठी त्यांनी काय करावे? कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, समोर कॅमेरा रोवला, आणि महिनाभर रोज एकेक चित्र घेऊन 'अंकुराची वाढ' नावाचे छोटे चित्र तयार केले, ज्यात रोपटे पाहता पाहता मातीतून वर येते. कॅमेरा सर्वांसाठी सारखाच होता. काळ संकुचित करून दाखवता येतो, आणि तो दाखवण्यास वनस्पतीची वाढ हा योग्य विषय आहे, ही कल्पना मात्र ज्याने चित्रकला, रसायन, ठसे, मूर्तिकाम आणि (हेही सांगितलेच पाहिजे) जादूचे प्रयोग अशा नाना विद्यांत हात घातला होता त्यालाच सुचली. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ च्या मे महिन्यात मुंबईच्या कॉरोनेशन नाट्यगृहात लागला आणि त्याच वर्षी फाळक्यांनी आपला सर्व संच नाशिकला हलवला. आपल्या शहरात आता कॅमेरा शिकवणारे वर्ग चौकाचौकांत निघाले आहेत. त्यांच्या भिंतींवर फाळक्यांचे चित्र लावलेले असते, आणि शिक्षणक्रम पाहिला तर त्यात फाळके जे जे शिकले त्यातील एकही गोष्ट नसते.

थोर पुरुषांच्या चरित्रांवरून व्यवहाराचे नियम काढू नयेत, हे मला ठाऊक आहे. रुरकीच्या महाविद्यालयात स्थापत्य अभियांत्रिकी शिकून इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढणारे लाला दीनदयाळ हे पुढे संस्थानिकांचे आणि व्हॉइसरॉयांचे छायाचित्रकार झाले; रघू राय हेही मूळचे स्थापत्य अभियंतेच; गौतम राजाध्यक्ष झेवियर्समध्ये विज्ञान शिकले, काही काळ त्यांनी तेथे शिकवलेही, आणि जाहिरातीच्या व्यवसायातून ते चेहऱ्यांकडे वळले. ही यादी वाढवावी तितकी वाढेल, पण तिच्यावरून अभियांत्रिकी शिकले म्हणजे छायाचित्रकार होता येते असे अनुमान कोणी काढील तर ते हास्यास्पद ठरेल. कॅमेऱ्याचे शिक्षण महाविद्यालयांत नव्हते म्हणून ही मंडळी इतरत्र गेली असेही समजण्याचे कारण नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ सालीच छायाचित्रणाचा वर्ग निघाला होता, आणि त्या काळच्या मुंबईच्या छायाचित्रण मंडळात मिरवणारे डॉ. नारायण दाजी, म्हणजे भाऊ दाजी लाडांचे बंधू, हे वैद्यक शिकलेले गृहस्थ होते.

नावांच्या यादीपेक्षा अधिक पटणारा पुरावा छायाचित्रांतच सापडतो, आणि त्यासाठी मी ब्राझीलच्या सेबास्तियाँव साल्गादो यांचे उदाहरण घेईन. ते अर्थशास्त्राचे पदवीधर. आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेत नोकरीला असताना आफ्रिकेच्या दौऱ्यांत पत्नीचा कॅमेरा हाती आला आणि १९७३ च्या सुमारास त्यांनी नोकरी सोडली. सेरा पेलादाच्या सोन्याच्या खाणीत चिखलाने माखलेले सहस्रावधी मजूर पाठीवर पोती घेऊन शिड्या चढत आहेत, हे त्यांचे १९८६ चे चित्र जगप्रसिद्ध आहे. त्यांनी धनबादचे कोळसा-कामगार टिपले, आणि १९९५ साली मुंबईच्या चर्चगेट स्थानकावरील लोंढाही टिपला. मजुराचा घाम दाखवणारी चित्रे अनेकांनी काढली आहेत. परंतु श्रम, भांडवल, कच्चा माल आणि स्थलांतर यांचा परस्परसंबंध ज्याने पुस्तकांतून अभ्यासला होता, त्याला पुढच्या खाणीसाठी कोठे जावे आणि तेथे किती दिवस मुक्काम करावा हे आधीच कळत होते. चित्राची निवड कॅमेऱ्याचे बटण दाबण्याच्या कितीतरी आधी झालेली असते, ती अशी.

आता हेच तत्त्व आपल्या जिल्ह्याला लावून पाहावे. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव पुकारला जात असताना कॅमेरा घेऊन जाणाऱ्या दहाजणांपैकी नऊजण लाल कांद्याच्या राशी आणि डोक्याला पागोटे बांधलेला शेतकरी टिपून परततात. ज्याने अर्थशास्त्र हा विषय घेतला असेल तो मापाऱ्याचा काटा, हमालाचे हात, व्यापाऱ्याच्या बोटांतला मोबाईल आणि भाव पडल्यावर ट्रॅक्टर तसाच परत वळवणारा माणूस यांच्यात धागा जोडील. निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळचे नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र ठरल्यापासून तेथे लांब लेन्सा घेऊन येणाऱ्यांची हिवाळ्यात दाटी होते. यांतील पुष्कळांच्या जवळ उपकरण लाखांचे आणि माहिती दमडीची, अशी अवस्था असते. प्राणिशास्त्र शिकलेला विद्यार्थी कोणते बदक कोणत्या पाण्यात, किती खोलीवर, दिवसाच्या कोणत्या प्रहरी चरते हे जाणून बसेल, आणि पक्ष्याला न उठवता चित्र मिळवील. पांडवलेण्यांतील सातवाहन व क्षत्रप यांचे शिलालेख समोरून उजेड टाकून टिपले तर अक्षरे सपाट होऊन जातात, प्रकाश अगदी बाजूने, भिंतीला घासून आला तरच ती उठून दिसतात. पण कोणता लेख टिपण्याजोगा आहे आणि गौतमी बलश्री कोण होती, हे इतिहासाच्या वर्गात बसल्यावाचून कसे कळावे?

सिंहस्थाचेही तेच. २०१५ च्या सिंहस्थात देशोदेशींचे छायाचित्रकार आले आणि भस्म फासलेल्या साधूंची तीच ती चित्रे घेऊन गेले. शैव आखाड्यांचे स्नान त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात आणि वैष्णवांचे नाशिकला रामकुंडावर, हा एवढा साधा भेदही ज्यांना ठाऊक नव्हता ते रामकुंडावर नागा साधूंची वाट पाहत उभे राहिले असतील तर नवल नाही. २०२७ मध्ये पुन्हा मेळा भरेल तेव्हा ज्याने समाजशास्त्र किंवा इतिहास घेतला आहे असा येथलाच एखादा विद्यार्थी, आखाड्यांची रचना, त्यांच्यातील पदे, साधुग्रामच्या स्वयंपाकाची व्यवस्था, सफाई कामगारांच्या पाळ्या यांचा पाठपुरावा करून जे काम उभे करू शकेल ते परक्या पाहुण्याच्या हातून होणे नाही.

याच न्यायाने पदार्थविज्ञान घेणाऱ्याला प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणजे दिवा दुप्पट दूर नेला की उजेड चौथाईवर येतो, हे सूत्र मुखोद्गत असते, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील चकचकीत यंत्रभागांची चित्रे काढताना ते त्याला रोज उपयोगी पडते. पोलीस तपासातही नवी वाट उघडली आहे: १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीच्या कारवाईचे दृक्श्राव्य चित्रण आवश्यक केले आहे, आणि पंचनाम्याच्या वेळी काय टिपावे व ते कोर्टात कसे टिकावे याचे ज्ञान असणाऱ्या माणसांची गरज त्यामुळे वाढणार आहे.

याला अपवाद आहे, आणि तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. ज्याचा कल जाहिरात, फॅशन किंवा वस्तूंची मांडणी यांकडे आहे, ज्याला रचना, अक्षर आणि रंग यांतच गोडी आहे, त्याने उपयोजित कलेचे शिक्षण घ्यावे; मुंबईच्या सर जे. जे. उपयोजित कला संस्थेत छायाचित्रण हा विशेष अभ्यासाचा विषय असतो आणि त्या परंपरेचे मोल मोठे आहे. परंतु तेथेही विद्यार्थी कला शिकतो व कॅमेरा तिच्या अनुषंगाने येतो. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट, जी १९६० साली प्रभातच्या जुन्या आवारात सुरू झाली, तेथील छायालेखनाच्या अभ्यासक्रमाला अर्ज करावयाचा तर कोणत्याही शाखेची पदवी आधी लागते; राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा गांधीनगर येथील छायाचित्रणाचा अभ्यासक्रमही पदवीनंतरचाच आहे. म्हणजे देशातील ज्या दोन दरवाजांकडे हे विद्यार्थी आशेने पाहतात ते दोन्ही दरवाजे त्यांना सांगतात की, आधी दुसरे काहीतरी शिकून या. मग ते दुसरे काहीतरी मन लावून निवडलेले का असू नये? लाखांच्या घरात शुल्क आकारून तीन वर्षांची 'फोटोग्राफीची पदवी' देऊ करणाऱ्या ज्या खासगी जाहिराती निकालाच्या दिवसांत वर्तमानपत्रांत झळकतात, त्यांच्यापुरते बोलावयाचे तर तेवढ्या पैशात कॅमेरा व दोन लेन्स येतील हे मुलाचे गणित मला बिनतोड वाटते.

कॅमेरा शिकावयाचा कोठे, तर उस्तादाच्या हाताखाली. लग्नाच्या ऑर्डरीवर दुय्यम छायाचित्रकार म्हणून उभे राहावे, वरमाईच्या पाठीमागे दिवा धरावा, रात्री जागून अल्बमची निवड करावी. या कामाला नाके मुरडणारी मंडळी मला आवडत नाहीत. लग्नाच्या मांडवात क्षण एकदाच येतो, उजेड वाईट असतो, माणसे हलत असतात आणि गिऱ्हाईक समोर उभे असते, इतकी कडक शाळा दुसरी नाही. पण उत्पन्न मुहूर्तांवर चालते आणि चातुर्मासात आटते, म्हणून हिशेबाचे ज्ञान हवे. आणि येथे वडिलांच्या काळजीत तथ्य आहे. ज्या विद्यार्थ्याचा मुख्य विषय दुसरा आहे त्याने जोडविषय वाणिज्याकडचा घेतला तर तो पुढे दुवा देईल. वार्षिक उलाढाल वीस लाखांवर गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागते, हे किती तरुण छायाचित्रकारांना नोटीस हाती पडेपर्यंत माहीत असते? त्याहून महत्त्वाचे म्हणजे १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमाचे कलम १७: एखाद्याने मोबदला देऊन आपल्यासाठी छायाचित्र काढवून घेतले आणि उलट करार केलेला नसला, तर त्या छायाचित्राचा पहिला हक्कदार तो काढवून घेणारा असतो, काढणारा नसतो. आपण काढलेली नवरा-नवरीची चित्रे आपलीच, ती हवी तेथे छापता येतील, अशा भ्रमात वावरणाऱ्यांनी एक पानाचा करारनामा करण्याची सवय लावून घेतली तर पुष्कळ तंटे मिटतील.

एक गोष्ट ओघाने सांगण्यासारखी आहे. आमच्या नाशिक रोडच्या प्रतिभूति मुद्रणालयात १९२५ च्या सुमारास, लंडनच्या दे ला रू कंपनीकडचे काम इकडे आल्यावर, टपालाची तिकिटे छापली जाऊ लागली. १ ऑक्टोबर १९५२ रोजी कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ यांची जी तिकिटे निघाली ती येथेच छायामुद्रणाने, म्हणजे छायाचित्र तांब्याच्या रुळावर सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने कोरून, छापली गेली होती. देशाची पारपत्रेही येथेच छापतात, आणि परिसरातील स्टुडिओवाल्यांचा उदरनिर्वाह कित्येक वर्षे पारपत्राच्या फोटोवर चालला. आता पारपत्र सेवा केंद्रात अर्जदाराचा फोटो खिडकीपाशीच काढतात, आणि ते गिऱ्हाईक कायमचे गेले. दुकानदारांच्या सूचीपत्रासाठी लागणारी साधी चित्रेही आता संगणक स्वतः रचू लागला आहे. नित्याचे, एकसारखे, कोणीही काढावे असे जे काम आहे ते यंत्राकडे जात राहील. ज्या कामासाठी त्या स्थळी, त्या वेळी, त्या विषयाच्या जाणकाराने हजर असावे लागते तेच काम माणसाकडे उरेल, आणि ते मिळवण्याची पात्रता महाविद्यालयातल्या मुख्य विषयानेच येते.

नव्या शैक्षणिक धोरणाने मेजर, मायनर आणि मुक्त निवडीचे विषय अशी जी मांडणी आणली आहे तिच्याविषयी माझ्या मनात पुष्कळ किंतु आहेत, आणि गुणपत्रिका वाचण्यासाठी आता वेगळा दुभाषा ठेवावा लागतो की काय असेही वाटते. पण या बाबतीत तिचा उपयोग करून घेता येण्यासारखा आहे. इतिहासाला अर्थशास्त्राची किंवा प्राणिशास्त्राला वनस्पतिशास्त्राची जोड मिळते, आणि क्षेत्रप्रकल्प व प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण यांनाही श्रेयांक आहेत. अडचण आहे ती वेळापत्रकाची. लग्नतिथींचा भर आणि विद्यापीठाच्या परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत एकमेकांवर येऊन आदळतात, आणि हजेरी भरली नाही म्हणून परीक्षेला बसू न देण्याची धमकी हाताखाली काम शिकणाऱ्या मुलालाच प्रथम मिळते.

तेव्हा आमच्या भागातील महाविद्यालयांच्या चालकांना माझी विनंती आहे की, प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी ज्या आस्थापनांची यादी ते करतात तीत नामांकित स्टुडिओ, वर्तमानपत्रांचे छायाचित्र विभाग आणि वनखात्याचे नांदूर मध्यमेश्वरचे कार्यालय यांचा समावेश करावा. आणि २०२७ चा सिंहस्थ इतिहास व समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी क्षेत्रप्रकल्प म्हणून आतापासूनच मान्य करावा. मेळ्याच्या प्रशासनाकडे परवान्यासाठी जावयाचे अर्ज महाविद्यालयाच्या पत्रावर, प्राचार्यांच्या सहीशिक्क्यानिशी आणि मुदतीच्या आत गेले पाहिजेत. कारण एकोणीस वर्षांचा मुलगा गळ्यात नुसता कॅमेरा अडकवून रामकुंडाच्या कठड्यापाशी गेला, तर त्याचा मेजर विषय कोणता हे बंदोबस्तावरचा शिपाई काही विचारणार नाही.